गाडी सरकारची, वाकळ मामांची

आमच्या गावाला मुक्कामाची एसटी आहे. मध्यंतरी ती बंद झाली होती, आता पुन्हा सुरू झाली आहे. संध्याकाळी अंबडहून निघते, दिवेलागणीला गावात येते, रात्रभर पारासमोर उभी राहते आणि सकाळी कॉलेजच्या पोरी, दुधाच्या किटल्या आणि कोर्टाची तारीख असलेली माणसं भरून परत अंबडला जाते. गाडी मुक्कामाला आली की ड्रायव्हर-कंडक्टरच्या जेवणाची आणि झोपण्याची सोय गावाने करायची, असा आमच्याकडचा रिवाज आहे. तो कधी कुणी ठरवला नाही. कंडक्टरची बहीण गावातच दिलेली, त्यामुळे तो तिच्याकडे जायचा. ड्रायव्हर आमच्या ओसरीवर यायचे.

ते जाफराबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीचे. इतकी वर्षं त्यांनी आमच्याच गावाची फेरी मागून घेतली, की डेपोतले लोक त्यांना आमच्या गावचे जावई म्हणून चिडवायचे. जावई कसले, ते भाऊ होते. एका राखी पौर्णिमेला त्यांना सुट्टी मिळाली नव्हती आणि ते तोंड पाडून ओसरीवर बसले होते, तेव्हा माझ्या बायकोने त्यांना राखी बांधली. तेव्हापासून ती त्यांची ताई झाली आणि माझा मुलगा त्यांना मामा म्हणू लागला. त्याचं ऐकून सगळं गाव मामा म्हणू लागलं. नात्याने ते माझे मेहुणे लागत होते, पण मीही त्यांना मामाच म्हणायचो.

बायकोने त्यांना एक वाकळ शिवून दिली होती. वरून तिच्या जुन्या साड्या आणि आत माझ्या वडिलांची धोतरं, अशी जाडजूड गोधडी. वडील गेल्यावर ती धोतरं पेटीत पडून होती. मी म्हणायचो, ही वाकळ इथंच ओसरीवर राहू द्या, रोज कशाला वाहायची? पण मामांना दुसऱ्या गावच्या मुक्कामालाही तीच लागायची, दुसऱ्या अंथरुणात त्यांना झोप लागत नसे. मग सकाळी ती गुंडाळायची, सुतळीने बांधायची आणि गाडीत ड्रायव्हरच्या सीटमागे नेऊन ठेवायची, हे काम माझ्या मुलाचं. शाळेत होता तेव्हापासून. पुढे मिशा फुटल्या, पदवी झाली, सरकारी नोकरीच्या परीक्षांचा अभ्यास सुरू झाला, तरी सकाळी वाकळ खांद्यावर टाकून पारापर्यंत जाणं त्याने सोडलं नाही. मामा मागून रिकाम्या हाताने, दात कोरत, ऐटीत चालायचे. "भाचा हाय म्हणून आपली ऐश हाय," असं वाटेत भेटेल त्याला सांगायचे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर. आता निवृत्त आहे, पण घरातले म्हणतात की फक्त पगाराला निवृत्त झालो, बोलायला नाही. इतिहास शिकवायचो. आणि इतिहासातला एक माणूस आमच्या घरातच होता.

माझे वडील निजामाच्या राज्यात जन्मले. विशीत असताना त्यांनी चार-सहा जणांबरोबर सरकारी करोडगिरी नाका जाळला होता. करोडगिरी म्हणजे मालावरची जकात. देश स्वतंत्र झाल्यावर त्यांना ताम्रपट मिळाला, पेन्शन मिळाली आणि दरवर्षी मुक्तिदिनाला शाळेत झेंड्याशेजारची खुर्ची मिळाली. ते गोष्ट रंगवून सांगायचे. घासलेटचा डबा कडब्यात लपवून कसा नेला, वारा कसा उलटा फिरला, नाक्यावरचा शिपाई चप्पल सोडून कसा पळाला. शिपाई पळाला की पोरं हसायची. मी टाळ्या वाजवायला सांगायचो. आणि पुढच्याच आठवड्यात त्याच पोरांना मी चौरीचौरा शिकवायचो. जमावाने चौकी जाळली म्हणून आंदोलन मागे घेतलं, हिंसेने काही मिळत नाही, लिहून घ्या. इतक्या वर्षांत एकाही पोराने हात वर करून विचारलं नाही, की गुरुजी, मग तुमच्या वडिलांचं काय? विचारलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

गोष्टीचा उरलेला तुकडा वडिलांनी मला एकदाच सांगितला, दाढी करता करता. तो शिपाई पुढे कैक वर्षांनी त्यांना अंबडच्या बाजारात दिसला होता. नाका गेला तशी त्याची नोकरी गेली होती आणि तो बैलबाजारात दुसऱ्याची जनावरं धरून उभा राहायचं काम करत होता. "त्यानं मला वळखलं न्हाई," वडील म्हणाले. "तंबाखू काढली अन् मलाच चुना मागितला. मी दिला." मी विचारलं, तुम्ही त्याला सांगितलं का कोण ते? वडिलांनी गाल फुगवून वस्तरा फिरवला. "काय सांगायचं व्हतं?" म्हणाले. मुक्तिदिनाच्या भाषणात हा तुकडा कधी आला नाही.

आता आमच्या नदीचं सांगतो. गाव एका बाजूला, अंबडचा रस्ता दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये एक ठेंगणा फरशी पूल. चार सरी नीट कोसळल्या की पाणी पुलावरून जातं आणि गाव तुटतं. उंच पूल पाहिजे ही मागणी माझ्या शाळकरी वयापासूनची. अर्ज मीच लिहायचो, अक्षर चांगलं म्हणून. साहेब लोक अर्ज घ्यायचे आणि वर पाठवतो म्हणायचे. हे वर कुठे असतं, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

मग एका पावसाळ्यात आमच्या गल्लीतली सून गेली. पहिलटकरीण होती. ती नदीच्या अलीकडे ट्रॅक्टरमध्ये आणि ॲम्ब्युलन्स पलीकडे. दोघांना एकमेकांच्या बत्त्या दिसत होत्या. पाणी उतरेपर्यंत बाळ गेलं होतं, आणि दवाखाना येईपर्यंत तीही गेली. मी त्या ट्रॅक्टरजवळ उभा होतो. त्यानंतर कितीतरी दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

पाऊस सरल्यावर गावाने हायवेच्या फाट्यावर मंडप टाकला. रोज भजन, रोज घोषणा. बाया पुढे बसायच्या, कारण बायांवर कोणी हात टाकणार नाही असं आम्हाला वाटायचं. त्या समजुतीला मीच खतपाणी घातलं होतं. तरुण पोरं चुळबुळ करायला लागली की मी उठून भाषण द्यायचो. शांततेत. दगड उचलला की आपली बाजू गेली. पोरं माझ्या तोंडावर गप्प बसायची, कारण निम्म्यांना मी बाराखडी शिकवली होती.

एके दिवशी त्या रस्त्याने कुणी मोठे पाहुणे जाणार होते आणि रस्ता मोकळा हवा होता. पोलिसांनी उठायला सांगितलं. बाया म्हणाल्या, आमचं ऐकू द्या त्यांना, मग उठतो. पुढचं फार झटपट झालं. मंडपाचे बांबू पडले, धूळ उडाली, आणि धूळ बसली तेव्हा माझी बायको उजवा हात डाव्या हातात धरून रस्त्यावर बसली होती. मनगटाचं हाड मोडलं होतं. ती रडत नव्हती. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "आम्ही तर बसलो व्हतो ना?"

अंबडच्या दवाखान्यात तिच्या हाताला प्लास्टर घालेपर्यंत मी सरकारला आईबहिणीवरून शिव्या देत होतो. आयुष्यभर शांतता शिकवलेल्या तोंडाने, मोठमोठ्याने. त्या क्षणी कोणी माझ्या हातात घासलेटचा डबा दिला असता तर मी काय केलं असतं, ते मला आजही सांगता येत नाही. मुलगा मात्र एक शब्द बोलला नाही. तो आईच्या हाताकडे बघत होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी माझ्या शिव्यांमध्ये गुंग होतो.

संध्याकाळी आम्ही मामांच्याच गाडीने गावी आलो. एरवी खड्ड्यातूनही गाडी दामटणारा माणूस, त्या दिवशी बैलगाडीच्या चालीने आला. मागून कोणी कुरकुरलं तर म्हणाले, "ताईचा हात मोडलाय. घाई असन त्यानं उतरून चालत जावं."

सकाळी मुलगा घरात नव्हता. बायकोचा हात गळ्यात. म्हणून वाकळ मी गुंडाळली, मीच सुतळी बांधली आणि सीटमागे नेऊन ठेवली. मामा चहाला हॉटेलात बसले, मी घरी आलो. तोवर पाराकडून आरडाओरडा आणि मग काळा धूर. मी धावलो.

तोंडाला रुमाल बांधलेली पोरं होती. त्यांनी सगळ्यांना खाली उतरवलं होतं, एका म्हातारीला हात देऊन, तिच्या पिशवीसकट. मामा गाडीकडे झेपावले तसं दोघांनी त्यांना धरलं. "मामा, तुम्ही मधी येऊ नका," असं एक जण म्हणाला. मामा मग रस्त्यातच बसले. गाडी जळताना टायर फुटतात त्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. कॉलेजच्या पोरी पिशव्या छातीशी धरून भिंतीला टेकल्या होत्या. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. आणि खोटं कशाला सांगू, माझ्या मनाचा एक कोपरा म्हणत होता, जळू दे.

मग माझी नजर पारावर गेली. तिथे मामांची वाकळ होती, डबा होता, पाण्याची बाटली होती. कोणीतरी पेट्रोल टाकण्याआधी आत चढून हे सामान काढलं होतं. मी बांधलेली ढिली गाठ ओढताना सुटली असणार, कारण वाकळ पुन्हा नीट गुंडाळलेली होती. आधी उभी घडी, मग आत उशी, मग गुंडाळी. आमच्या घरात तशी गुंडाळतात. धुराचा ठसका लागल्याचं निमित्त करून मी तोंड फिरवलं.

पोलीस यायच्या आत गावाचं एकमत झालं होतं, की पोरं बाहेरची होती. कोणी ओळखली नाहीत. इन्स्पेक्टर तरुण होते आणि बोलायला शांत. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, मग पाराजवळ जाऊन उभे राहिले.

"बाहेरच्या लोकांनी गाडी पेटवायच्या आधी ड्रायव्हरचं अंथरूण काढून घडी घालून ठेवलं," ते म्हणाले. "फार सज्जन लोक दिसतात बाहेरचे."

मग ते आमच्याकडे वळले.

"या गाडीत अंथरूण कुठं असतं, हे कोणाकोणाला माहीत असतं?"

सगळ्या गावाला माहीत होतं. रोज सकाळी सगळ्या गावाने माझ्या मुलाला ते नेताना बघितलं होतं. आम्ही त्याला काय शिकवलं होतं ते मला तेव्हा लख्ख दिसलं. गाडी जाळताना रिवाज मोडायचा नाही एवढं त्या पोराला कळलं, आणि तेवढ्यावरून तो सापडणार होता. माझी बायको माझ्या शेजारी उभी होती. तिने माझा दंड चांगल्या हाताने असा धरला की दुसऱ्या दिवशी वळ होते.

मामा रस्त्यावरून उठले. पँटची धूळ झटकली. "मी काढलं, साहेब," म्हणाले.

"गाडी पेटत असताना?"

"हां."

"अंथरूण काढायला वेळ मिळाला, गाडी काढायला नाही?"

"न्हाई मिळाला."

 इन्स्पेक्टरांनी ते लिहून घेतलं.

पुढच्या दिवसांत जे झालं ते मी आहे तसं सांगतो, कारण इथंच माझं डोकं फिरतं. जे साहेब कधी फाट्यावर उतरले नव्हते ते गावात आले. नदीकाठी खुर्च्या टाकल्या. पूल मंजूर झाला. मला वाटलं हीही थाप, पण माती परीक्षणाची माणसं आली, मशीन आलं, खड्डे पडले. माझ्या हयातभराच्या अर्जांनी जे झालं नाही ते एका सकाळी जळलेल्या गाडीने केलं. गावातली पोरं छाती काढून फिरू लागली. माझ्यासमोरून जाताना त्यांच्यातलं कोणी काही म्हणत नसे, पण हसू लपत नव्हतं.

मुक्कामाची गाडी बंद झाली. फाट्यापर्यंत चालत जाऊन मिळेल ते वाहन धरायचं, असं पोरींनी काही दिवस केलं. मग एकेकीच्या घरचे नको म्हणू लागले. एकीचं तर कॉलेज सुटलं आणि त्याच हंगामात लग्न जमवून टाकलं. ती माझी विद्यार्थिनी, गणितात माझ्या मुलाहून हुशार. तिच्या लग्नात मी जेवलो आणि मला ठसका लागला.

मुलाला मी एका दुपारी ओसरीवर गाठलं. "वाकळीची घडी तुझी होती," मी म्हणालो.

"व्हती."

नाही म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं. मग मी सुरू झालो, जसा वर्गात व्हायचो. तो ऐकत राहिला आणि मी दमलो तेव्हा म्हणाला, "आजोबांनी नाका जाळला तर तुम्ही टाळ्या वाजवायला लावल्या."

"तेव्हा राजा होता. आता आपण मत देतो."

"दिलं की मत. त्याच्या आधी बी दिलं. आईचा हात मोडला, त्याचं मत कोणाला देऊ? बाबा, आम्ही कुणाला बोट लावलं न्हाई. सगळे उतरवले. मामाचं सामान काढलं. लोखंड जाळलं, सरकारचं. अन् पूल झाला का न्हाई?"

  दोन्ही बाजू मांडायची सवय असलेला माणूस अशा वेळी फार निरुपयोगी असतो. उत्तर आतून आलं, स्वयंपाकघरातून. एका हाताने भाकरी थापता येत नाही म्हणून ती आधीच वैतागलेली होती.

"मला मारणारा त्या गाडीत बसला व्हता का रे?" ती म्हणाली. "मला तर त्या गाडीनं घरी आणलं."

मुलगा उठून गेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी कंडक्टर बहिणीकडे आला तेव्हा त्याने सांगितलं, की मामांना घरी बसवलंय. आरोप असा, की जाळपोळ होणार हे त्यांना आधी ठाऊक होतं. स्वतःचं सामान वाचवलं आणि गाडी जाळू दिली. चौकशी बसली होती. नोकरी जाईल असं डेपोत सगळे बोलत होते. निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते, तेवढ्यात हे. मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. त्या दिवसापासून तो पुस्तक उघडून बसायचा आणि पान उलटायचा नाही.

त्याने जाऊन खरं सांगितलं तर मामा सुटतात, हे आम्हा तिघांनाही कळत होतं, आणि तिघंही ते बोलत नव्हतो. गुन्हा दाखल झाला की चारित्र्याचा दाखला अडतो, आणि दाखल्याशिवाय सरकारी नोकरी नाही. ज्या सरकारची गाडी जाळली त्याच सरकारची नोकरी त्याला पाहिजे होती. हसू नका. आमच्याकडे पदवी घेऊन बसलेल्या पोराला दुसरं काय आहे? मी रोज सकाळी ठरवायचो की आज त्याच्याशी बोलायचं, आणि रोज त्याचा चेहरा बघून गप्प बसायचो. बाप म्हणून मला तो वाचलेला हवा होता. मामांचं काहीतरी आपोआप भलं होईल, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो.

शेवटी मी टेंभुर्णीला गेलो. कशासाठी गेलो ते नीट सांगता येत नाही. माफी मागायला म्हणावं तर गुन्हा माझा नव्हता, आणि आभार मानायला जायची लाज वाटत होती. जालन्याला गाडी बदलून दुपारी पोचलो. मामा घरासमोर बसून कुणाच्या तरी ट्रॅक्टरचं चाक खोलत होते. त्यांच्या बायकोने मला पाणी दिलं आणि एक शब्द न बोलता आत गेली. ती कधीही न बोलता आत जाणारी बाई नव्हती.

"या गुरुजी. ताईचा हात कसा हाय?"

"बरा आहे. थंडीत ठणकतो." मग मी विचारलंच. "मामा, तुम्ही का अंगावर घेतलं?"

ते पान्हा फिरवत राहिले. "मंग काय करायचं व्हतं? ज्यानं आगीतून माझी वाकळ काढली, त्याचं नाव कसं घेऊ?"

मला हायसं वाटलं. खरं सांगतो, मला वाटलं, झालं, या माणसाने माफ केलं, आता आपण घरी जाऊ शकतो. पण त्यांचं संपलं नव्हतं.

"पर राग येतो, गुरुजी. लई राग येतो. बसल्या बसल्या अंग तापतं." त्यांनी पान्हा खाली ठेवला. "पोरानं काय हिशोब केला मला ठाव हाय. गाडी सरकारची, वाकळ मामाची. मामाचं ते काढून ठिवलं, सरकारचं ते पेटिवलं. पर मला तसं कधी वाटलंच न्हाई ना. त्या गाडीचा गिअर कधी अडकतो, ब्रेक किती दाबायचा, सगळं मलाच ठाव. दसऱ्याला हार मीच आणायचो, माझ्या पैशानं. मला तर दोन्ही माझंच वाटत व्हतं."

त्यांनी हात फडक्याला पुसले.

"अन् ताईला मारलं ते काय बराबर व्हतं का? न्हाई. बिलकुल न्हाई. मी तिथं असतो तर मी बी दगड उचलला असता, काय सांगावं. पर दगड उचलून मी मारला असता कुणाला, गुरुजी? माझ्यासारख्याच एखाद्या शिपायाला. मोठा माणूस तर काचा वर करून गेला." मग त्यांनी पुन्हा चाकाला हात घातला. "जल्दी निघा. जालन्याची शेवटची गाडी चुकन."

परतीच्या वाटेवर मला वडिलांनी चुना दिलेला तो शिपाई सारखा आठवत होता. वडिलांचं नाका जाळणं चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. निजाम काही अर्ज वाचून गेला नसता. पण त्या खुर्चीवर बसून गोष्ट सांगताना शिपाई पळाला इथेच ते थांबायचे, आणि आम्ही सगळे त्यांना तिथेच थांबू देत होतो.

घरी आल्यावर मी जेवताना सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. मुलगा ताटावरून उठला नाही, जेवलाही नाही. बायको माझ्यावर उखडली. इतक्या वर्षांत मी तिला असं बघितलं नव्हतं.

"तुम्ही गेल्तेच कशाला टेंभुर्णीला? अन् गेले तर गेले, इथं येऊन सांगायचं काय नडलं व्हतं? आता हा जाईन."

"मग मामांचं काय?"

"ते बी कळतं मला. भाऊ हाय माझा," ती म्हणाली आणि रडायला लागली. हात मोडला तेव्हा न रडलेली बाई.

मुलगा चौकशीच्या दिवशी गेला. मी बरोबर येतो म्हणालो तर नको म्हणाला. आधी डेपोत जाऊन खरं सांगितलं, मग तिथूनच पोलीस ठाण्यात. वाकळ मी काढली, मामांना काही माहीत नव्हतं, ते चहा पीत होते. बाकीची पोरं कोण, ते मात्र त्याने सांगितलं नाही, आणि त्याबद्दल त्याला काय सोसावं लागलं ते त्याने आम्हाला सांगितलं नाही. जामीन व्हायला वेळ लागला. परत आला तेव्हा त्याने परीक्षेची पुस्तकं पोत्यात भरून माळ्यावर टाकली. आता अंबडला एका दुकानात बसतो आणि तारखेला कोर्टात जातो. गावातली काही पोरं त्याला घाबरट म्हणतात आणि काही म्हातारी माणसं त्याला बघून राम राम करतात. दोन्ही मला सारखंच टोचतं.

पूल झाला. चांगला उंच आहे. मागच्या पावसाळ्यात नदी दुथडी भरून वाहिली आणि एक अडलेली बाई पुलावरून ॲम्ब्युलन्समधून गेली, सुखरूप मोकळी झाली. बाळाला बघायला मी गेलो होतो. त्याच्या मुठी बघताना मला त्या जळलेल्या गाडीचा राग आणता येईना. आणि गणितातली ती पोरगी माहेरी आली की मला तिच्याकडे बघवत नाही. कोणी मला विचारतं, गुरुजी, पोरांनी केलं ते बरोबर का चूक? पूर्वी मी तासभर बोललो असतो. आता म्हणतो, बाबा, मला नीट झोप लागत नाही, मला विचारू नका.

मुक्कामाची गाडी पुन्हा सुरू झाली आणि एका संध्याकाळी तिच्यातून मामा उतरले. चौकशीतून सुटल्यावर त्यांना दुसरीकडे टाकलं होतं. निवृत्तीआधी ही फेरी त्यांनी पुन्हा मागून घेतली होती. बायकोने दृष्ट काढल्यासारखा त्यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. जेवण झालं. हात मोडल्यापासून ताईच्या भाकरीला पहिल्यासारखा आकार येत नाही, यावरून त्यांनी तिची चेष्टासुद्धा केली. गाडी जळाली त्या दिवशी मामा वाकळ न घेताच गेले होते, इतके दिवस ती आमच्याकडेच होती. मुलाने ती ओसरीवर अंथरली, उशी ठेवली, पाण्याचा तांब्या भरून ठेवला. मामा त्याच्याशी बोलले, कोर्टाचं विचारलं, वकील कसा आहे ते विचारलं. मला वाटलं, मिटलं सगळं.

सकाळी मुलगा नेहमीसारखा लवकर उठला. वाकळ गुंडाळली. उभी घडी, आत उशी, मग गुंडाळी. सुतळी बांधली आणि खांद्यावर घ्यायला वाकला.

"राहू दे," मामा म्हणाले. आवाजात राग नव्हता. "मीच नेतो."

त्यांनी वाकळ उचलली, खांद्यावर नीट बसवली आणि पाराकडे निघाले. वय झालं होतं, ओझ्याने एका अंगाला झुकत चालले होते. मुलगा पायरीवर उभा होता आणि हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.